टपाल, बिले आणि कल्पकतेची कसोटी

दिंडोरीचा पिनकोड ४२२२०२. त्यातील पहिले तीन अंक पत्र नाशिककडे वळवितात आणि उरलेले तीन ते नेमक्या डाकघरापर्यंत पोहोचवितात. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ मराठी अधिकाऱ्याने योजिलेली ही पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली, आणि टपालाची वर्गवारी केवळ अंकांच्या आधाराने करता येते हे ज्ञान सार्वजनिक झाले.

आता समजा, येथील एखाद्या यंत्रज्ञाने पेटंटसाठी असा अर्ज गुदरला की, लखोट्यातील वीजबिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक यंत्राने वाचावा, रक्कम खात्याशी ताडावी आणि मेळ न बसलेला कागद तेवढा कारकुनाकडे धाडावा. १९७० च्या पेटंट अधिनियमाचे कलम ३(के) व्यवहारपद्धतीस व निव्वळ संगणक-आज्ञावलीस दारातच अडविते. तो अडसर ओलांडला असे धरले तरी, त्या विद्येत निष्णात असलेल्या सामान्य माणसाला ही योजना सहज सुचली असती काय, हा प्रश्न उरतोच.

भांडी लेथवर धरण्याच्या साधनाविषयीच्या बिश्वनाथ प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली निर्वाळा दिला की, सुधारणा ही कारखान्यातील नित्याच्या डागडुजीहून काही अधिक असली पाहिजे आणि ज्ञात वस्तूंची नुसती जुळवाजुळव शोध ठरत नाही. तथापि उत्तर हाती आल्यावर कोणतेही कोडे सोपे भासते; म्हणूनच रोश विरुद्ध सिप्ला प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ साली या पश्चात्‌दृष्टीपासून दूर राहण्यास बजाविले. माझ्या मते परीक्षकाची खरी परीक्षा येथेच होते.

आमचा अर्जदार म्हणेल, पुसट अंक माझे यंत्र खातेवहीच्या आधारे ओळखते, म्हणजे वाचन आणि ताळा ही परस्परांस बळ देणारी अंगे आहेत. युक्तिवाद वजनदार खरा. परंतु पत्ते वाचणारी टपालयंत्रे वाचलेला पत्ता पत्त्यांच्या यादीशी पूर्वीपासूनच ताडून पाहात आली आहेत, आणि पत्त्यावरून बिलावर येण्यास फार मोठी झेप लागते असे मला वाटत नाही. लागते असे म्हणणाऱ्याने त्या वाटेतील तांत्रिक अडचण दाखवावी.

अशा अर्जास पेटंट मिळण्यापूर्वी कोणासही कलम २५(१) अन्वये हरकत घेता येते, आणि त्यासाठी छापील ग्रंथच हवा असे नाही. अग्रता-तारखेपूर्वी भारतात जाहीरपणे वापरात असलेल्या पद्धतीचा पुरावाही चालतो, मग तो एखाद्या तालुक्याच्या कचेरीतील तारखेनिशी जपलेल्या दफ्तरातून का निघेना.