जॅक नेमका कुठे लावायचा?
गाडी उचलताना जॅक कुठेही लावून चालत नाही. दाराखालच्या पत्र्याच्या उभ्या कडेवर, पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे, बहुतेक गाड्यांना दोन-दोन खाचा असतात. त्या खाचांमधला भाग वजन पेलण्यासाठी मजबूत केलेला असतो. जॅक तिथेच लावायचा. वसई-विरारमध्ये मात्र आधी ती कड तपासा. समुद्राची खारी हवा आणि जुलै २०१८सारख्या पावसात तुंबलेलं पाणी, दोन्हींमुळे ती आतून गंजते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर पापुद्रे सुटले, तर गाडी घरी उचलूच नका.

जमीन सपाट आणि टणक हवी. सोसायटीतले पेव्हर ब्लॉक पावसाळ्यात खचतात, म्हणून जॅकखाली जाड फळी घाला. हँडब्रेक ओढा, गिअर टाका, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दगड लावून ती अडवा. चाक बदलायचं असेल, तर नट आधीच थोडे सैल करा.

आणि अगदी कळकळीने सांगतो: गाडीसोबत मिळणारा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता आहे. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. त्यासाठी पुरेशा क्षमतेचे लोखंडी स्टँड हवेत, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे कधीच नकोत. ते भाराखाली अचानक फुटतात.