मूल होत नाही, म्हणून कुटुंब नाही?

समलिंगी जोडप्यांचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येतं: यातून मूल होणार नाही, मग ते कुटुंब कसलं? शिवाय धर्मालाही मान्य नाही.

गैरसमज : धर्माच्या लेखी विवाह संततीसाठीच असतो.

या बाबतीत सर्वांत कडक समजल्या जाणाऱ्या कॅथलिक चर्चचंच बघा. वसईत किंवा मडगावात सत्तरीतली विधवा आणि सत्तरीतला विधुर चर्चमध्ये रीतसर लग्न करू शकतात. चर्चच्या कायद्याचं १०८४ वं कलम सांगतं की वंध्यत्वामुळे विवाह अडत नाही आणि रद्दही होत नाही. समलिंगी विवाहाला चर्चचा विरोध आहे, तोही ठाम. डिसेंबर २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने अशा जोडप्यांना आशीर्वाद देण्याची मुभा मिळाली, तेव्हाही विवाहाची व्याख्या जागची हलली नाही. पण या विरोधाचा आधार स्त्री-पुरुष भेद आणि समागमाचं स्वरूप हा आहे. प्रत्यक्ष मूल झालं की नाही, हा नव्हे. विरोध करायचा तर निदान चर्चचं म्हणणं तरी नीट सांगावं.

हिंदू परंपरेत पितृऋणामुळे पुत्राला महत्त्व आलं, हे खरं. (मुलीला ते मिळालं नाही, हेही तितकंच खरं.) पण मनुस्मृती पुत्रांचे बारा प्रकार सांगते आणि पोटचा, म्हणजे औरस, हा त्यांतला एकच. दत्तकालाही तिथे मान आहे. मराठी माणसाला तर याचं नवल वाटायचं कारणच नाही : बडोद्याचे सयाजीराव १८७५ मध्ये दत्तक आले, कोल्हापूरचे शाहू महाराज १८८४ मध्ये. अर्थात एवढ्यावरून शास्त्रं समलिंगी नात्याच्या बाजूची ठरत नाहीत. त्याच मनुस्मृतीत पुरुषांमधल्या समागमाला प्रायश्चित्त सांगितलं आहे. वंश रक्तानेच चालतो, एवढा दावा मात्र तिच्या आधारे करता येत नाही.

गैरसमज : अशा घरात मुलांचं नुकसान होतं.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने उपलब्ध संशोधन तपासून २०१३ मध्ये समलिंगी पालकांच्या विवाहाच्या आणि दत्तकाच्या हक्काला पाठिंबा दिला. मुलाला स्थिर, मायेचं घर लागतं. पालक कोणत्या लिंगाचे, यावर त्याची वाढ अडत नाही.

गैरसमज : २०१८ नंतर भारतात सगळे हक्क मिळाले.

२०१८ मध्ये प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध ३७७ कलमाखाली गुन्हा राहिले नाहीत, एवढंच. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. दत्तकाच्या मुद्द्यावर पाच न्यायमूर्तींत तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली आणि जोडप्याने मिळून दत्तक घेण्याची वाट बंदच राहिली. आजच्या नियमांनुसार जोडप्याला दत्तक हवं तर किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक जीवन लागतं. एकट्या व्यक्तीला मात्र मूल दत्तक घेता येतं, फक्त एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही.

म्हणजे मुलाला दोघे सांभाळतात, पण कागदावर आई किंवा बाप एकच. २०२४ मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की अशा जोडप्याला बँकेत संयुक्त खातं उघडता येतं आणि रेशनकार्डासाठीही त्यांना एकाच घरातलं धरावं. पण कागदावरचा पालक वारला, तर दुसऱ्याला त्याच मुलाचं पालकत्व मागायला १८९० च्या कायद्याखाली कोर्टात अर्ज करावा लागतो.