शहर गॅसचा कायदा : राज्यांकडून केंद्राकडे

नळाने घरोघरी पोहोचणाऱ्या गॅसवर अधिकार राज्याचा की केंद्राचा, हे भारतात त्या गॅसच्या उगमावरून ठरते. त्यामागे दीड शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे.

ब्रिटनमध्ये दगडी कोळशापासून तयार केलेल्या गॅसचा पुरवठा खासगी कंपन्या करीत. एकदा नळ टाकले की ग्राहकाला दुसरा पर्याय उरत नसे. त्यामुळे १८४७ च्या कायद्याने रस्ते खोदण्याचे नियम ठरविले आणि भागधारकांच्या लाभांशावर मर्यादा घातली. भारतात कोलकात्याचे रस्ते १८५७ मध्ये, तर मुंबईचे १८६५ मध्ये गॅसच्या दिव्यांनी उजळले.

राज्यघटनेने ‘गॅस आणि गॅस कारखाने’ हा विषय राज्य सूचीत ठेवला. त्याच्या आधारे पश्चिम बंगालने १९६० मध्ये कायदा करून ओरिएंटल गॅस कंपनीचे व्यवस्थापन हाती घेतले. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो कायदा वैध ठरविला.

नैसर्गिक वायू आल्यावर मात्र वाद उद्भवला. गुजरातने २००१ मध्ये त्याच्या वहनाचा व वितरणाचा कायदा केला. राज्य सूचीतील ‘गॅस’ म्हणजे कारखान्यात तयार केलेला गॅस. नैसर्गिक वायू हा पेट्रोलियमजन्य पदार्थ असल्याने तो केंद्राचा विषय आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला. त्यानंतर संसदेने २००६ मध्ये पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ कायदा संमत केला. शहरात गॅस वितरणाची परवानगी आता हे मंडळ देते. तथापि, ग्राहकाला द्यावयाचा विक्रीदर ठरविण्याचा अधिकार मंडळाला नाही, असे न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले.

छत्तीसगडमधील खुर्सीपार हा भिलाई पोलाद कारखान्यालगतचा भाग. कारखान्याच्या कोक भट्ट्यांत कोळसा हवेविना तापविला जातो व त्यातून निघणारा वायू जुन्या शहर गॅसच्याच जातीचा असतो. तो कारखान्यातच इंधन म्हणून वापरला जातो. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी या वायूच्या वाहिनीत देखभालीच्या वेळी झालेल्या दुर्घटनेत अनेक कर्मचारी मृत्युमुखी पडले.

कारखान्याच्या कुंपणाआत मात्र कामगारांच्या सुरक्षिततेसाठी २०२५ पर्यंत १९४८ चा कारखाने कायदा लागू होता. घरात नळाने येणारा नैसर्गिक वायू २००६ च्या कायद्याखाली येतो. तक्रार कोणाकडे करावयाची, हेही या भेदावरच ठरते.