विश्लेषण : घाटात ओझे ओढताना टर्बो डिझेल इंजिन आतून का तापते? पाण्याचा काटा ते का दाखवत नाही?

जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या अवजड वाहनांची खरी परीक्षा फर्दापूर सोडल्यावर, अजिंठा घाटाच्या चढावर होते. मागे ट्रेलर किंवा टोचन केलेली गाडी, डोक्यावर खानदेशातले ऊन आणि समोर वळणांचा चढ. चालकाची नजर पाण्याच्या काट्यावर असते. काटा मध्यावर असतो. तरीही इंजिनातला पिस्टन आणि टर्बो धोक्याच्या तापमानाला पोहोचलेले असू शकतात. हा धोका आधी कळतो तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या तापमानावरून.

हे तापमान म्हणजे काय?

सिलिंडरमध्ये डिझेल जळल्यावर तयार होणारे गरम वायू मॅनिफोल्डमधून टर्बोकडे आणि पुढे सायलेन्सरकडे जातात. त्यांच्या तापमानाला ‘एक्झॉस्ट गॅस टेम्परेचर’ किंवा ईजीटी म्हणतात. उभ्या गाडीत ते साधारण १०० ते २०० अंश सेल्सिअस असते. सपाट रस्त्यावर भरलेल्या गाडीत ३०० ते ४५० अंश, तर चढावर ओझे ओढताना ६०० अंशांच्याही पुढे जाते. टर्बोच्या आधी मोजलेले तापमान ७०० अंशांवर फार वेळ राहू देऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. नेमकी मर्यादा इंजिनानुसार बदलते.

चढावर ते का वाढते?

डिझेल इंजिनाची ताकद किती डिझेल फवारले जाते, यावर ठरते. चढावर पाय दाबला की डिझेल वाढते. पण त्या प्रमाणात हवा मिळाली नाही, तर ज्वलन अधिक गरम होते. वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली तर इंजिनाचे फेरे पडतात, टर्बोकडून हवा कमी येते आणि तापमान झपाट्याने चढते. उन्हाळ्यात भर पडते, कारण गरम हवा विरळ असते. सायलेन्सरमधून काळा धूर निघू लागणे ही हवा कमी पडत असल्याची खूण.

पाण्याचा काटा मागे का राहतो?

थर्मोस्टॅट आणि रेडिएटर यांचे कामच पाण्याचे तापमान स्थिर ठेवण्याचे आहे. शिवाय इंजिनाचे लोखंड आणि पाणी तापायला काही मिनिटे लागतात. धुराचे तापमान मात्र पाय दाबल्यावर काही सेकंदांत बदलते. म्हणजे पाण्याचा काटा हलेपर्यंत आतले भाग बराच वेळ भाजलेले असतात.

नुकसान काय होते?

अनेक इंजिनांत पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. प्रत्येक फेरीला येणारी ताजी हवा आणि खालून उडणारे ऑइल यांमुळे पिस्टन वाचतो. पण अतिउष्णता टिकली तर त्याला तडे जातात, तो वितळूही शकतो. टर्बोची पाती आणि मॅनिफोल्डही धोक्यात येतात. इंजिन खोलावे लागले तर हप्त्यावर गाडी घेतलेल्या मालकाचा धंदा थांबतो. घाटात बंद पडलेली गाडी मागच्या सगळ्यांना अडकवते, ते वेगळेच.

मोजायचे कसे?

मॅनिफोल्डमध्ये, टर्बोच्या आधी, थर्मोकपल हा उष्णतेचा सेन्सर बसवून केबिनमध्ये मीटर लावता येते. टर्बोनंतर बसवल्यास ओझ्याखाली आकडा १०० ते २०० अंशांनी कमी दिसू शकतो. त्यामुळे तिथल्या ५५० अंशांवर निर्धास्त राहू नये. १ एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या डिझेल वाहनांत सहसा असे सेन्सर असतात. गरज पडल्यास संगणक डिझेल कमी करतो; पण आकडा बहुधा चालकाला दिसत नाही. ‘पंप वाढवून’ घेतलेल्या जुन्या गाड्यांना हे संरक्षण नसते. गाडी वॉरंटीत असेल, तर मॅनिफोल्डला भोक पाडण्याआधी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये विचारावे.

चालकाने काय करावे?

चढ लागण्याआधीच गिअर उतरवावा. फेरे वाढले की टर्बो जास्त हवा देतो आणि तितक्याच वेगाला दर फेरीत कमी डिझेल पुरते. मीटर चढू लागले, किंवा मीटर नसताना काळा धूर दिसला, तर पाय सैल करावा. वेग कमी झाला तरी चालेल. निघण्याआधी एअर फिल्टर आणि इंटरकूलरचे पाइप तपासावेत, कारण फाटक्या पाइपमधून हवा वाया जाते. गाडीच्या पुस्तिकेतील ओढण्याची मर्यादा ओलांडू नये.

घाट चढून अजिंठा गावात चहाला थांबल्यावर लगेच चावी फिरवू नये. तापलेल्या टर्बोतले ऑइल वाहायचे थांबले की तिथेच जळून त्याचा कोळसा होतो. दोन-तीन मिनिटे इंजिन रिकामे चालू ठेवले, तर हे टळते.