भात बुडाले, पण मेले नाही

भाताला पाणी आवडते, हे अर्धेच खरे. पायाशी पाणी हवे, डोक्यावरून नको. पुराचे पाणी आठवडाभर शेतात थांबले की बहुतेक वाणांची रोपे हातची जातात. बुडालेले रोप हवेसाठी धडपडते, भराभर उंच होते, त्यात साठवलेली शर्करा संपते आणि पाणी ओसरल्यावर ते आडवे पडते.

ओडिशातल्या एका गावठी भाताची रीत मात्र उलटी. त्यातून निवडलेला ‘एफआर १३ ए’ हा वाण पाण्याखाली वाढच थांबवतो. जणू श्वास रोखून बसतो. दोन आठवड्यांनी पाणी उतरले, की उरलेल्या शिदोरीवर पुन्हा पालवतो. उत्पादन विचाराल तर बेताचेच. निव्वळ बाजाराचा हिशेब केला असता, तर हे बियाणे कधीच संपले असते. ते जपून ठेवले गेले, म्हणून २००६ मध्ये त्यातले ‘सब १ ए’ हे जनुक ओळखता आले.

पुढे कामाला आले डीएनए मार्कर. मार्कर म्हणजे डीएनएच्या लांबलचक मजकुरातली ओळखीची खूण. काही ठिकाणी तीच दोन-तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. समजा, एका वाणात बारा वेळा, तर दुसऱ्यात अठरा वेळा. पीसीआरने (करोनाने हा शब्द घरोघरी पोहोचवला) तेवढ्याच भागाच्या असंख्य प्रती काढून लांबी मोजली, की फरक उघड होतो. शास्त्रज्ञांनी ‘स्वर्णा’ या लोकप्रिय भाताचा ‘एफआर १३ ए’च्या वंशातल्या भाताशी संकर केला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा स्वर्णाशीच जोडल्या. दर पिढीत पानाचा तुकडा तपासायचा, ‘सब १’ असलेली आणि बाकी स्वर्णासारखी रोपेच ठेवायची. प्रत्येक रोप बुडवून पाहायची गरज उरली नाही. २००९ मध्ये ‘स्वर्णा-सब १’ भारतात प्रसारित झाला. हे जीएम पीक नव्हे. संकर नेहमीचाच, निवड तेवढी नेमकी.

याच खुणा बियाणे जपणाऱ्यांनाही उपयोगी पडतात. गावोगावी एकाच नावाचे दोन वेगळे भात असतात आणि एकाच भाताला दोन नावेही असतात. उंची, रंग पाहून ठरवावे, तर ते जमिनीप्रमाणे आणि खताप्रमाणे बदलतात. डीएनए तसा बदलत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक बँकेत चार लाखांहून अधिक नमुने शीतगृहात आहेत. त्यातले दुबार कोणते आणि कुठल्या भागातला वाण अजून आलेलाच नाही, हे मार्करमुळे कळू शकते. एक खबरदारी मात्र हवी. गावठी वाणाच्या शेतातली सगळी रोपे हुबेहूब सारखी नसतात, म्हणून एकाच रोपाचा डीएनए तपासून भागत नाही.

शीतगृहातले बी झोपलेले असते. बदलत्या पावसाशी जुळवून घेते ते शेतातले. म्हणून अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्यासारख्यांनी गावात चालवलेल्या बियाणे बँकांना तोड नाही. वाण कोणत्या जमिनीत येतो, कधी पेरायचा, भाकरीला चांगला की पेजेला, हे मार्कर सांगत नाहीत. तुमच्या घरी असे जुने बियाणे असेल, तर ही माहिती पिशवीवर लिहून ठेवा. २००१ च्या कायद्यानुसार शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणीही करता येते.