हॅनफर्डचं हट्टी युरेनियम

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी हॅनफर्ड आहे. नागासाकीवर पडलेल्या बॉम्बमधलं प्लुटोनियम इथलंच. तिथल्या अणुभट्ट्यांसाठी युरेनियमचं इंधन ज्या ‘३०० एरिया’त बनायचं, त्याचं सांडपाणी १९४३ पासून काही दशकं नदीलगतच्या उघड्या तळ्यांत सोडलं गेलं. तळी बंद झाली तेव्हा युरेनियम भूजलात उतरलेलं होतं. १९९०च्या दशकात तज्ज्ञांनी हिशेब मांडला: नदीकडे वाहणारं भूजलच जमीन धुऊन काढेल आणि दहाएक वर्षांत पाणी पिण्याच्या निकषात बसेल.

तसं झालं नाही. युरेनियम तिथेच ठाण मांडून बसलं.

आकडेमोड बरोबर होती. गोम होती सरासरीत. जमिनीखालचा प्रवाह सरासरीवर बऱ्यापैकी मोजता येतो. फ्रेंच अभियंता आंरी दार्सीने वाळूवर प्रयोग करून १८५६ मध्ये मांडलेला नियम कणाकणाची विचारपूस न करताच चालतो. रसायनांचा व्यवहार मात्र थेट कणांशी असतो. युरेनियम खनिजांच्या पृष्ठभागाला चिकटतं, कणांच्या आतल्या सूक्ष्म भेगांत शिरतं आणि तिथून अतिशय सावकाश बाहेर पडतं. लोणच्याची बरणी कितीही विसळा, वास निघत नाही, तसंच हे. जुन्या हिशेबात चिकटणं-सुटणं झटपट होतं असं धरलेलं होतं.

मग सगळे कणच संगणकात का भरू नयेत? अर्ध्या मिलिमीटरच्या वाळूचा एक घनमीटर घेतला तरी त्यात हजार कोटींच्या आसपास कण भरतात. कुठल्याही महासंगणकाला घाम फुटेल. म्हणून काम टप्प्याटप्प्याने चालतं. मोजक्या कणांमधल्या पोकळ्यांचं मॉडेल करून युरेनियम सुटण्याचा वेग काढायचा, तो प्रयोगशाळेत मातीच्या नळकांड्यावर तपासायचा आणि मग शेकडो मीटरच्या मॉडेलमध्ये घालायचा. माझ्या मते खरी कसोटी इथेच आहे: खालच्या पातळीवरचं काय ठेवायचं आणि काय सोडायचं.

शिवाय नदी स्वस्थ बसत नाही. वरच्या धरणांमुळे कोलंबियाची पातळी तासातासाला बदलते. ती चढली की भूजलही चढतं, एरवी कोरड्या असलेल्या थरातलं युरेनियम भिजतं आणि पुन्हा पाण्यात येतं. हे वरखाली होणं पकडण्यासाठी ‘पीफ्लोट्रान’ या प्रणालीतून महासंगणकावर तासागणिक हिशेब करावा लागला.

२०१५ मध्ये तिथे जमिनीत फॉस्फेटचं द्रावण सोडलं गेलं. युरेनियम वाहून जाण्याची वाट न पाहता, ते आहे तिथेच सहज न विरघळणाऱ्या रूपात बांधून ठेवण्यासाठी.