समुद्राचा उच्छ्वास

उन्हात राहिलेली सोड्याची बाटली उघडताच वायू फसफसून बाहेर धावतो. बर्फातली बाटली तितका आक्रोश करीत नाही. पाणी थंड असेल तर कार्बन डायऑक्साइड त्यात अधिक विरघळतो, तापले की सुटून जातो. एका वातावरणाच्या दाबाखाली शून्य अंश तापमानाच्या एक लिटर शुद्ध पाण्यात तो ३.३ ग्रॅम सामावतो, तर २५ अंशांना त्याच्या निम्माही नाही. दाब वाढेल त्या प्रमाणात वायू अधिक विरघळतो, हा नियम विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये सांगितला.

या शालेय वाटणाऱ्या नियमाशी आता किनाऱ्याचे भवितव्य निगडित झाले आहे. कारखानदारीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. मानवाने हवेत सोडलेल्या वायूचा अंदाजे चौथा हिस्सा जगातील समुद्र गिळतात. अगस्तींनी समुद्र प्राशन केला. आम्ही समुद्रालाच धूर पाजीत आहोत!

मग आमचा अरबी समुद्रही मुकाट्याने गिळत असेल, असा कोणाचाही समज व्हावा. प्रत्यक्ष मोजणीने तो खोटा ठरविला. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात घेतलेल्या नमुन्यांवरून असे दिसले की, वर्षाचा हिशेब मांडता हा समुद्र हवेकडून घेतो त्याहून अधिक वायू हवेला देतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोल, थंड पाणी वर येते. मृत जीवद्रव्य कुजून साचलेला वायू त्यात असतो. पृष्ठभागी पाणी तापते आणि तो निसटतो. मांडवी-जुवारीच्या मुखांतूनही असाच वायू बाहेर पडतो व पावसाळ्यात त्याचे प्रमाण वाढते, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

यावरून आम्ही निर्धास्त व्हावे काय? मुळीच नाही. हवेतला दाब वाढला की समुद्राचा हा उच्छ्वासही कोंडतो आणि न सुटलेला वायू पाण्यातच राहून आम्ल बनतो. जगातील समुद्रपृष्ठाचा सामू ८.२ वरून ८.१ वर उतरला आहे. आकडा क्षुल्लक दिसतो, पण या मापाच्या रीतीने पाहता आम्लता सुमारे पाव पटीहून अधिक वाढली. तिसऱ्या आणि कालवे ज्या द्रव्यातून कवच घडवितात, तेच त्यामुळे पाण्यात दुर्मीळ होते.

मोजणीचे काम चिकाटीचे आहे. पाणी हवेचा बुडबुडा न राहू देता काचेच्या बाटलीत भरायचे, सूक्ष्मजीवांनी त्यात ढवळाढवळ करू नये म्हणून पाऱ्याचे विषारी क्षार घालायचे, मग प्रयोगशाळेत आम्लाने वायू बाहेर काढून तोलायचा. एका वर्षाच्या नोंदीने काही सिद्ध होत नाही. वीस-तीस वर्षांची सलग वही लागते. उद्घाटनाच्या फिती कापणाऱ्यांना अशा वहीचे आकर्षण नसते, हा भाग निराळा.

अडचण अशी की नेमके महत्त्वाचे दिवस म्हणजे जून-जुलै. तेव्हा मासेमारी बंद असते, होड्या वाळूवर ओढलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेपूर्वी दर्यात जाण्यास आमचा खारवी धजत नाही. त्याच खवळलेल्या पाण्यातून दर पावसाळ्यात न चुकता बाटल्या भरून आणील अशी नौका आणि तिच्यासाठी कायमची तरतूद, एवढेच आमचे मागणे आहे.